झार दुसरा अलेक्झांडर : वरून आलेलं स्वातंत्र्य

आज आपण रशियाच्या दुसऱ्या अलेक्झांडरबद्दल बोलणार आहोत. रशियाचा सुधारक सम्राट म्हटलं की बहुतेकांना पीटर आठवतो. दाढ्या कापायला लावणारा, दलदलीत राजधानी वसवणारा, आरमार उभं करणारा पीटर. पण पीटरच्या त्या सगळ्या खटाटोपात शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं? जास्त कर आणि जास्त वेठ. त्या शेतकऱ्याची कायद्यातली अवस्था एका सहीने बदलली ती पीटरनंतर जवळपास दीड शतकाने, या अलेक्झांडरने. रशियन लोक त्याला ‘मुक्तिदाता झार’ म्हणू लागले. आणि याच मुक्तिदात्याला १८८१ मध्ये त्याच्याच राजधानीच्या रस्त्यावर बॉम्ब टाकून मारण्यात आलं. मारणारे परके नव्हते. त्याच्या सुधारणांच्या काळात वाढलेली, त्याच्या विद्यापीठांत शिकलेली ती पिढी होती.

असं का झालं, याची दोन उत्तरं नेहमी दिली जातात. एक, सुधारणा फार थोड्या होत्या. दुसरं, सुधारणा केल्या हीच चूक. लगाम सैल सोडला की घोडा उधळणारच. आम्हाला ही दोन्ही उत्तरं तोकडी वाटतात. कारण ती दोन्ही किती दिलं एवढंच मोजतात. आम्ही विचारतो ते वेगळं आहे. या माणसाने पुष्कळ दिलं, मोठ्या धैर्याने दिलं. पण प्रजेला काही मागण्याचा हक्क असू शकतो, हे त्याने शेवटपर्यंत कबूल केलं नाही. देणं वेगळं आणि समोरच्याचा मागण्याचा हक्क मानणं वेगळं. आजच्या व्याख्यानाचा सगळा भर या फरकावर आहे.

एक खुलासा आधी करून टाकू. त्या काळी रशियात जुनं ज्युलियन पंचांग चालत असे. एकोणिसाव्या शतकात ते आपल्या नेहमीच्या इंग्रजी तारखेच्या १२ दिवस मागे होतं. आम्ही रशियातल्या घटनांच्या तारखा त्या जुन्या पंचांगाच्याच सांगू. तसं नसेल तिथे स्पष्ट सांगू, म्हणजे घोटाळा नको.

अलेक्झांडरचा जन्म १८१८ चा, मॉस्कोच्या क्रेमलिनमधला. सात वर्षांचा असताना त्याने बंड पाहिलं. डिसेंबर १८२५ मध्ये काही सरदार-अधिकाऱ्यांनी राज्यघटनेच्या मागणीसाठी उठाव केला. त्याचा बाप पहिला निकोलस त्या दिवशी गादीवर बसत होता. राजवाड्याच्या अंगणात इमानी सैनिक उभे होते. बापाने पोराला त्यांच्यासमोर आणून त्यांच्या हवाली केलं. लहान वयात मनावर उमटलेली अशी गोष्ट पुसली जात नाही. घटना मागणारे लोक म्हणजे बंदूक घेऊन दारात आलेले लोक, हे समीकरण त्या मुलाच्या मनात तिथेच जुळलं असावं, असा आमचा तर्क आहे. तर्कच, बरं का.

पण त्याचा शिक्षक होता कवी झुकोव्स्की, मोठा सहृदय माणूस. १८३७ मध्ये या युवराजाला रशियाभर फिरवलं गेलं. सायबेरियात पाऊल टाकणारा तो रोमानोव्ह घराण्याचा पहिला वारस. तिथे त्याला त्याच १८२५ च्या बंडातले हद्दपार लोक दिसले आणि त्याने त्यांच्यासाठी बापाकडे रदबदली केली. मन कोवळं होतं. म्हणून तो उदारमतवादी होता असं मात्र समजू नका. युवराज असताना तो जमीनदारांच्या बाजूचाच मानला जाई.

मग बदल कुठून आला? पराभवातून. १८५५ मध्ये क्रिमियाचं युद्ध चालू असतानाच निकोलस वारला, आणि काही महिन्यांत सेव्हास्तोपोल पडलं. इंग्रज आणि फ्रेंच आगबोटीने तोफा आणत होते. रशियाला आपल्याच देशाच्या दक्षिण टोकाला दारूगोळा बैलगाड्यांनी न्यावा लागत होता, कारण तिकडे रेल्वेच नव्हती. पण रेल्वे नसण्यापेक्षा मोठी अडचण फौजेच्या रचनेत होती. ती नीट समजून घेऊ, कारण भूदासप्रथा आणि सैन्य यांचा संबंध एरवी ध्यानात येत नाही.

भूदास म्हणजे जमिनीला आणि जमीनदाराला बांधलेला शेतकरी. त्याला गाव सोडता येत नसे, मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतावर वेठ करायची, किंवा दरसाल रोख खंड भरायचा. या लोकांमधून सैन्यभरती होई, आणि तीही २५ वर्षांसाठी. भरती झाला की तो भूदास राहत नसे. आता प्रश्न असा की, इतर देशांसारखं थोडी वर्षं शिकवून माणसं घरी पाठवायची आणि युद्धात बोलवायची, हे रशियाला का जमत नव्हतं? कारण घरी पाठवलेला माणूस बंदूक चालवायला शिकलेला आणि मोकळा. असे लाखो लोक दरसाल खेड्यांत सोडले तर भूदासप्रथा टिकेल कशी? म्हणून प्रचंड, महागडी, म्हातारी होत जाणारी फौज कायम पोसायची. दिमित्री मिल्युतिन नावाच्या सेनाधिकाऱ्याने १८५६ मध्ये हे स्पष्ट लिहून दाखवलं. म्हणजे माणुसकीच्या आधी तोफखान्याने हा प्रश्न टेबलावर आणला.

मार्च १८५६ मध्ये नव्या झाराने मॉस्कोच्या सरदारांना सांगितलं की भूदासप्रथा खालून आपोआप मोडू लागण्याची वाट बघण्यापेक्षा ती वरून मोडलेली बरी. हे वाक्य इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यातल्या ‘वरून’ या शब्दाकडे लक्ष ठेवा.

याच सुमारास एक गंमतशीर आणि खरं तर करुण प्रसंग घडला. तरुण टॉल्स्टॉय क्रिमियाच्या युद्धातून परतला होता. त्याने यास्नाया पोल्याना या आपल्या गावच्या भूदासांना बोलावून स्वतःहून मुक्तीचा प्रस्ताव मांडला. शेतकऱ्यांनी नकार दिला. त्यांना वाटलं, नव्या झाराचा राज्याभिषेक व्हायचा आहे, तेव्हा तो आम्हाला जमिनीसकट मोकळं करणार, आणि त्याआधी हा मालक आम्हाला कागदात अडकवू बघतो आहे. टॉल्स्टॉयला राग आला. पण शेतकऱ्यांचं काय चुकलं? त्यांच्यात एक जुनी म्हण होती : आम्ही तुमचे, पण जमीन आमची. मालकाचा हक्क आपल्या देहावर आहे, हे ते नाइलाजाने मान्य करत. जमीन मात्र कसणाऱ्याची, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. सरकारी कायद्यात नेमकं उलट होतं. जमीन मालकाची, आणि आता माणूस मोकळा होणार. एकाच मुक्तीचे असे दोन अर्थ पाच वर्षं एकमेकांशेजारी नांदत राहिले.

ती पाच वर्षं समित्यांची. तपशिलात शिरत नाही. आधी गुप्त समिती, मग उघड समिती, मग मसुदा मंडळं. त्या मंडळांचा प्रमुख रोस्तोव्त्सेव्ह. या गृहस्थाने तरुणपणी, १८२५ च्या बंडाच्या दोनच दिवस आधी, निकोलसला कटाची कुणकुण दिली होती. ज्या बंडखोरांनी भूदासांची मुक्ती मागितली त्यांची खबर देणारा माणूस पस्तीस वर्षांनी तीच मुक्ती कागदावर उतरवत होता. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी. काम पुरं होण्याआधीच तो वारला. खरी मेहनत निकोलाय मिल्युतिनची, म्हणजे त्या सेनाधिकारी मिल्युतिनच्या भावाची. जमीनदारांचा विरोध मोठा होता, पण त्यांची दुखरी नस सरकारच्या हातात होती. देशातले जवळजवळ दोन-तृतीयांश भूदास सरकारी पतसंस्थांकडे गहाण पडलेले होते. हो, माणसंच गहाण.

इथे अलेक्झांडरला त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. जानेवारी १८६१ मध्ये राज्यमंडळात हा कायदा आला, तेव्हा अनेक कलमांवर बहुमत विरोधात होतं. झाराने अल्पमताच्या बाजूने कौल दिला आणि कायदा पार केला. निवडून आलेली सभा असती तर त्या काळात ती जमीनदारांचीच असती आणि तिने ही मुक्ती गाडून टाकली असती. हे आमच्या युक्तिवादाला अडचणीचं आहे, पण खरं आहे. १९ फेब्रुवारी १८६१ रोजी त्याने सही केली. नव्या पंचांगाने ती तारीख ३ मार्च. दुसऱ्याच दिवशी, ४ मार्चला, तिकडे अमेरिकेत लिंकनने अध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि गुलामगिरीचा प्रश्न सुटायला तिथे चार वर्षांचं यादवी युद्ध लागलं. रशियात सुमारे २ कोटी ३० लाख माणसं युद्धाशिवाय मोकळी झाली. छोटी गोष्ट नाही ही.

आता अटी बघू. माणूस मोकळा झाला. लग्न, व्यापार, मालमत्ता, कोर्टात जाणं, सगळं खुलं झालं. जमीन मिळाली, पण विकत. झाराच्या सरकारने जमीनदाराला किमतीचा मोठा हिस्सा, साधारण ७५ ते ८० टक्के, रोख्यांत चुकता करायचा आणि शेतकऱ्याने तो सरकारला ४९ वर्षं, दरसाल सहा टक्क्यांनी फेडायचा. साधा हिशोब करा. सरकारने कुणासाठी १०० रुबल भरले, तर वर्षाला ६ रुबल, आणि ४९ वर्षांत २९४.

बरं, ही किंमत ठरली कशी? बाजारभावाने नाही. शेतकरी मालकाला दरसाल जो खंड देत असे त्यावरून. खंड ६ रुबल असेल तर ज्या रकमेवर सहा टक्क्यांनी ६ रुबल येतात ती किंमत, म्हणजे १००. वरवर किती तर्कशुद्ध! पण उत्तरेकडच्या निकृष्ट जमिनीच्या गावांत शेतकरी खंड भरत असे तो शेतीतून नव्हे. तो शहरात सुतारकाम करून, गाडी हाकून, फेरी मारून पैसे आणी आणि मालकाला देई. म्हणजे खंड त्याच्या श्रमाचा होता. त्या खंडावरून ‘जमिनीची’ किंमत काढली. देहाची किंमत घेणार नाही असं कायद्याने जाहीर केलं आणि जमिनीच्या नावाखाली ती वसूल केली. आम्ही हा हिशोब पहिल्यांदा वाचला तेव्हा तो रचणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावी की कपाळाला हात लावावा, कळेना.

शिवाय पूर्वी कसत असलेल्या जमिनीतला चांगला तुकडा अनेक ठिकाणी कापून मालकाकडे गेला, विशेषतः दक्षिणेच्या काळ्या सुपीक पट्ट्यात. घरकामाच्या नोकरांना जमीनच नाही. आणि कर्ज एकट्याच्या नावावर नाही, सगळ्या गावाच्या, म्हणजे ‘मिर’ या ग्रामसंस्थेच्या नावावर. एकाने थकवलं तर बाकीच्यांनी भरायचं. मग गाव कुणाला सहजासहजी बाहेर जाऊ देईल? पूर्वी मालक अडवत होता, आता शेजारी अडवू लागले. गावपातळीवरच्या शेतकरी न्यायालयांत फटक्यांची शिक्षा तर १९०४ पर्यंत चालू होती.

जाहीरनामा मुद्दाम लेंटच्या उपवासाच्या तोंडावर, ५ मार्चला, चर्चमधून वाचला गेला. सणाच्या मद्यपानाच्या दिवसांत नको, ही धास्ती. लोकांनी ऐकला आणि बुचकळ्यात पडले. दोन वर्षं अजून जुनंच चालू राहणार, जमिनीचे पैसे द्यायचे, ही कसली मुक्ती? खरा कागद मालकांनी लपवला आहे, अशी समजूत पसरली. कझान प्रांतातल्या बेझ्दना गावी अंतोन पेत्रोव्ह नावाचा शेतकरी होता, त्याला वाचता येत होतं. त्याने तो जाडजूड कायदा उघडला आणि त्यात झाराची खरी, पूर्ण मुक्ती सापडल्याचं जाहीर केलं. आसपासच्या गावांतून हजारो माणसं त्याच्या घराभोवती जमली. एप्रिल १८६१ मध्ये सैन्याने त्या नि:शस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. पन्नासहून अधिक माणसं मेली. पेत्रोव्हला कायद्याचं पुस्तक डोक्यावर धरून बाहेर येताना पकडलं आणि गोळी घातली. तो बंडखोर नव्हता. त्याचा झारावर पूर्ण विश्वास होता. त्याचा गुन्हा एवढाच की दिलेल्या देणगीचा अर्थ त्याने स्वतः लावला.

इथे आम्ही थोडं आमच्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे वळतो. कांटने १७९३ च्या धर्मविषयक ग्रंथात एका तळटीपेत हाच प्रश्न घेतला आहे, आणि उदाहरणही जमीनदाराच्या भूदासांचंच. हे लोक अजून स्वातंत्र्याला पक्व झालेले नाहीत, असं शहाणी माणसं म्हणतात. कांट म्हणतो, असं धरून चाललात तर स्वातंत्र्य कधीच येणार नाही. कारण आधी मोकळं झाल्याशिवाय स्वातंत्र्याला पक्व होताच येत नाही. सुरुवातीचे प्रयत्न ओबडधोबड असतील, धोक्याचेही असतील, पण पोहणं पाण्यातच शिकायचं. अलेक्झांडरने माणसाला पाण्यात उतरवलं खरं, पण कमरेचा दोर सोडला नाही.

आणि हे फक्त शेतकऱ्यांच्या बाबतीत नाही. १८६२ मध्ये त्व्येर प्रांतातल्या सरदारांनी झाराला अर्ज केला. त्यांनी आपले विशेष अधिकार सोडायची तयारी दाखवली, आणि साऱ्या देशाच्या निवडलेल्या प्रतिनिधींची सभा बोलवा अशी विनंती केली. त्यापाठोपाठ हीच भूमिका घेणारे तिथले १३ जण, मुक्तीचा कायदा अमलात आणण्यासाठी नेमलेले मध्यस्थ अधिकारी, थेट पीटर-पॉल किल्ल्यात बंद झाले. १८६५ मध्ये मॉस्कोच्या सरदारांनी प्रतिनिधी सभा मागितली. त्यांचा हेतू बराचसा स्वार्थी होता. झाराने लेखी उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा : सुधारणांचा पुढाकार फक्त माझा, कुठल्याही वर्गाला दुसऱ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार नाही. त्व्येरच्या निःस्वार्थी अर्जाला आणि मॉस्कोच्या स्वार्थी अर्जाला एकच उत्तर. म्हणजे आक्षेप मागणीच्या मजकुरावर नव्हता, मागण्यावर होता.

पोलंडबद्दल एवढंच सांगतो की १८६३ चा उठाव फाशी, हद्दपारी आणि जप्त्यांनी चिरडला गेला. मध्य आशियात ताश्कंद, समरकंद, खिवा, कोकंद एकामागून एक घेतले गेले आणि कलकत्त्याच्या इंग्रज सरकारची झोप उडाली. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

बाकीच्या सुधारणा मात्र खऱ्या अर्थाने भक्कम होत्या. १८६४ मध्ये ‘झेम्स्त्वो’ ही स्थानिक मंडळं आली. शाळा, दवाखाने, रस्ते त्यांच्याकडे. आपण चेखव्हच्या कथांत खेड्यापाड्यांतून हिंडणारा दमलेला डॉक्टर वाचतो, तो या झेम्स्त्वोचा. १८७४ मध्ये दिमित्री मिल्युतिनने, आता तो युद्धमंत्री होता, जुनी भरतीपद्धत मोडून सर्व वर्गांना सारखं लष्करी कर्तव्य लावलं. सक्रिय सेवा सहा वर्षांची, आणि शिकलेल्याला कमी. विद्यापीठाचा पदवीधर असेल तर सहाच महिने.

पण सगळ्यांत धाडसी होती नोव्हेंबर १८६४ ची न्यायव्यवस्था. उघडी सुनावणी, ज्यूरी, वकील, आणि सरकारला सहज हटवता न येणारे न्यायाधीश. जिथे झाराचा शब्द हाच कायदा, तिथे एक खोली अशी तयार झाली की जिथे बारा सामान्य माणसं ‘नाही’ म्हणू शकत होती. १८७८ मध्ये त्यांनी ते म्हटलं. पीटर्सबर्गचा प्रमुख त्रेपोव्ह याने एका राजकीय कैद्याला बेकायदा फटके मारायला लावले होते. वेरा झासुलिच नावाच्या तरुणीने कचेरीत जाऊन त्याच्यावर गोळी झाडली, तो जखमी झाला. तिने गुन्हा नाकारला नाही. न्यायाधीश कोनी यांनी वरून आलेलं दडपण जुमानलं नाही, आणि ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं. सरकारने काय केलं? तिला पुन्हा पकडण्याचा हुकूम काढला आणि असले खटले ज्यूरीकडून काढून घेतले. त्यामुळे तरुणांपर्यंत काय पोचलं असेल याचा विचार करा. कोर्टातला ‘नाही’ सुद्धा चालत नसेल, तर मग उरलं काय?

उरला बॉम्ब, असं काहींनी ठरवलं. त्यांचं समर्थन आम्ही करणार नाही. फेब्रुवारी १८८० मध्ये हिवाळी राजवाड्यात स्फोट झाला त्यात ११ सैनिक मेले. झार वाचला, आणि ते सैनिक बहुतेक शेतकऱ्यांचेच पोरगे असणार. पण या कटांचा एक सूत्रधार आंद्रेय झेल्याबोव्ह, त्याच्याकडे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो भूदासाच्या घरी जन्मला. १८६१ च्या सहीने मोकळा झाला, शिकला, ओदेसाच्या विद्यापीठात कायदा शिकू लागला, विद्यार्थ्यांच्या निषेधात भाग घेतल्याबद्दल काढून टाकला गेला. झाराच्या प्रत्येक देणगीचा त्याला लाभ झाला होता. त्या देणग्यांनी त्याला बोलायला शिकवलं, आणि बोलायला जागा मात्र दिली नाही.

स्फोटानंतर झाराने लोरिस-मेलिकोव्ह या सेनापतीला जवळजवळ सर्वाधिकार दिले. त्याने राजकीय पोलिसांचा कुप्रसिद्ध ‘तिसरा विभाग’ मोडला आणि एक योजना आणली : कायद्यांच्या मसुद्यांवर सल्ला देण्यासाठी झेम्स्त्वो आणि शहरांच्या काही निवडक प्रतिनिधींना बोलवायचं. फक्त सल्ला. संसद नव्हे, घटना तर नव्हेच. १ मार्च १८८१ च्या सकाळी अलेक्झांडरने तिला मान्यता दिली. दुपारी कॅथरीन कालव्याच्या काठी त्याच्या गाडीवर पहिला बॉम्ब पडला. तो बचावला, आणि सरळ निघून जायचं सोडून जखमींकडे बघायला खाली उतरला. ग्रिनेवित्स्की नावाच्या तरुणाने दुसरा बॉम्ब पायाशी टाकला. काही तासांत झार गेला; मारणाराही गेला. झेल्याबोव्ह दोन दिवस आधीच पकडला गेला होता. सोफिया पेरोव्स्कायाने, पीटर्सबर्गच्या एका माजी गव्हर्नरच्या मुलीने, त्या दिवशी रुमाल हलवून इशारे दिले. एप्रिलमध्ये पाच जण फासावर गेले, त्यांत हे दोघेही.

नव्या झाराने, तिसऱ्या अलेक्झांडरने, बापाने मान्य केलेली योजना बाजूला ठेवली आणि एकतंत्री सत्ता अढळ राहील असा जाहीरनामा काढला. त्या दिवशी मृत्युशय्येपाशी उभा असलेला १२ वर्षांचा नातू पुढे दुसरा निकोलस झाला. आजोबाने लहानपणी जे बघितलं होतं, त्याहून भयंकर या नातवाने बघितलं. जमिनीचे हप्ते मात्र चालूच राहिले. ते १९०५ च्या क्रांतीनंतर, १ जानेवारी १९०७ पासून रद्द झाले.

चेखव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ नाटकात फिर्स नावाचा म्हातारा नोकर आहे. तो भूदासमुक्तीला ‘ते संकट’ म्हणतो. प्रेक्षक हसतात. स्वतः चेखव्हच्या आजोबांनी १८४१ मध्ये पदरचे पैसे भरून कुटुंबाची मुक्ती विकत घेतली होती. आजोबाला जे पै-पै जमवून घ्यावंसं वाटलं ते फिर्सला संकट वाटतं. आम्हाला ते हसण्यावारी नेता येत नाही. एकाने ते मागून, मोजून घेतलं होतं; दुसऱ्याच्या अंगावर ते एके दिवशी येऊन पडलं.

आता शेवटचा मुद्दा. कोणी म्हणेल, झाराला दुसरं काही ठाऊकच नव्हतं, त्याच्या काळात, त्याच्या घराण्यात प्रतिनिधी सभा कल्पनेतही नव्हती. तसं नाही. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होतं. तिथली सभा १८०९ नंतर भरलीच नव्हती. १८६३ मध्ये अलेक्झांडर स्वतः हेलसिंकीला गेला, ती सभा त्याने उघडली, आणि पुढे ती नियमित भरावी असा कायदा केला. पोलंड पेटलेलं असताना, त्याच वर्षी. फिनलंड उधळलं नाही. १८९४ मध्ये हेलसिंकीच्या सिनेट चौकात त्याचा पुतळा उभा राहिला, पायाशी कायद्याची मूर्ती. १८९९ मध्ये दुसऱ्या निकोलसने फिनलंडचे हक्क कापायला घेतले, तेव्हा तिथले लोक निषेध म्हणून त्या पुतळ्याशी फुलं आणून ठेवू लागले. नातवाविरुद्ध दाद मागायला ते आजोबाच्या पायाशी जमत. पोलिसांना हटकावं कसं ते कळेना. झाराच्या पुतळ्याला फुलं वाहणं हा गुन्हा थोडाच होता? तो पुतळा अजून तिथेच आहे.